शिडाच्या बोटीवर सोलर कसं बसवायचं? सावली, फ्यूज आणि बुडता बुडता वाचलेली एक बोट

आम्ही चार मित्रांनी मिळून एक जुनी, २६ फुटी शिडाची बोट घेतली आहे. मुंबई बंदरात, गेटवेच्या पुढे ती बोयाला बांधलेली असते. आम्ही चौघंही नोकरीवाले, त्यामुळे शनिवार-रविवारीच तिच्याकडे जाणं होतं, आणि ऑफिसात रिलीज असला की तेही नाही. मागच्या हंगामात असेच तीन आठवडे कोणीच गेलं नाही. मग एका सकाळी शेजारच्या बोटी सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला, "अरे, तुमची बोट मागून बसलीय. काल अशी नव्हती."

जाऊन बघतो तर केबिनच्या फळ्यांवर पाणी आलेलं. बॅटरीवर मीटर लावला तर ९ व्होल्टच्या आसपास, म्हणजे मेलेलीच. आणि वर डेकवर आधीच्या मालकाने बसवलेलं ४० वॉटचं सोलर पॅनेल उन्हात छान चमकत होतं!

पॅनेल चांगलं होतं, ऊन भरपूर होतं, तरी बॅटरीत एक थेंब वीज गेली नव्हती. असं का झालं हे शोधताना बोटीवरच्या सोलरबद्दल जे शिकलो, ते इथे लिहितो आहे. शिडाची बोट तुमच्याकडे नसेलही, पण १२ व्होल्टची बॅटरी, पॅनेल आणि कंट्रोलर हे गणित शेतातल्या खोलीला, कॅम्परव्हॅनला किंवा मच्छीमारी होडीलाही बऱ्यापैकी तसंच लागू होतं.

नेमकं काय चुकलं होतं

इंजिन असलेल्या बहुतेक जुन्या बोटींत थोडं पाणी येतच असतं. पंख्याचा दांडा जिथून बोटीच्या बाहेर जातो तिथे स्टफिंग बॉक्स असतो. त्यात ग्रीस लावलेली दोरी दाबून बसवलेली असते, आणि तिथून थेंब-थेंब पाणी गळतं. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला साधारण ४ लिटर होतात. हे पाणी बोटीच्या तळातल्या खोलगट भागात, म्हणजे बिल्जमध्ये साठतं. तिथे फ्लोट लावलेला पंप असतो. पाणी वाढलं की फ्लोट उचलला जातो, पंप चालू होतो आणि पाणी बाहेर फेकतो.

आमचा पंप एक खोड काढत होता. पाणी फेकून बंद झाला की पाइपमध्ये वर चढलेलं पाणी परत खाली यायचं, फ्लोट पुन्हा उचलला जायचा आणि पंप पुन्हा चालू. तीनेक अँपिअर खाणारा पंप दिवसभर असा चालू-बंद होत राहिला तर अर्धी भरलेली जुनी बॅटरी काही दिवसांतच संपते.

पंप थेट बॅटरीला जोडलेला होता, आणि ते बरोबरच आहे. बोट सोडताना आपण मुख्य स्विच बंद करतो, पण पंप चालू राहायलाच हवा. गंमत अशी की सोलरचा कंट्रोलर मात्र मुख्य स्विचच्या *पलीकडे* जोडलेला होता, दिवे आणि रेडिओच्या बाजूला. म्हणजे आम्ही निघताना शिस्तीत स्विच बंद करायचो आणि त्याच झटक्यात पॅनेल बॅटरीपासून तुटायचं. आम्ही बोटीवर असताना सोलर चालायचं आणि नसताना बंद! जे काम त्याने करायला हवं होतं त्याच्या बरोबर उलटं. आणि बोटीवर असताना चार्जिंगचा हिरवा दिवा दिसायचा, म्हणून दोन वर्षं कोणाला शंकाही आली नाही. कोडमध्ये असा बग सापडला असता तर मी लिहिणाऱ्याला हसलो असतो. इथे दोन वर्षं मीच तो स्विच बंद करत होतो.

तर पहिली गोष्ट ही: सोलर कंट्रोलर आणि बिल्ज पंप, दोन्ही मुख्य स्विचच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला, आपापल्या फ्यूजमधून. बाकी सगळं स्विचच्या मागे. तुमच्या बोटीवर आधीच पॅनेल असेल तर आज एवढंच तपासा: मुख्य स्विच बंद करा आणि भर उन्हात कंट्रोलरमधून बॅटरीकडे करंट जातो का ते मीटरने बघा.

किती वॉट लागतील?

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॉटचं देऊ?" त्याचं उत्तर आपल्याकडे असायला हवं, आणि ते काढायला कागद-पेन पुरतं. आमच्या बोटीचा एका दिवस-रात्रीचा हिशेब असा आला. जीपीएसचा नकाशा दाखवणारा डिस्प्ले १२ वॉट, ८ तास, म्हणजे ९६ वॉट-तास. व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकत ठेवला तर ४ वॉट, १० तास, ४० वॉट-तास. केबिनचे एलईडी दिवे ४०. नांगर टाकल्यावर रात्रभर डोलकाठीच्या टोकावर लावायचा दिवा एलईडी असेल तर फक्त २४. फोन चार्जिंग ४०. सुकाणू धरणारा छोटा ऑटोपायलट सरासरी १२ वॉट, ५ तास, ६०. एकूण ३०० वॉट-तास. १२ ने भागलं की २५ अँपिअर-तास.

या यादीत फ्रिज नाही हे लक्षात आलं असेल. मुंबईच्या उकाड्यात १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिजसुद्धा दिवसाला ५०० वॉट-तास सहज खातो, म्हणजे बाकी सगळ्या बोटीपेक्षा जास्त. आम्ही ससून डॉकवरून बर्फ आणतो आणि पेटीत टाकतो. ज्यांना फ्रिज हवाच त्यांनी आधी फ्रिजसाठी सोलर मोजावं, बाकीचं त्यात सामावून जाईल.

आता मिळकतीची बाजू. पॅनेलवर छापलेले १०० वॉट हे प्रयोगशाळेतले असतात: चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. आपल्याकडे पावसाळा सोडला तर दिवसभराचं ऊन हे अशा भर उन्हाच्या साधारण ५ तासांइतकं धरता येतं. त्यात उष्णता, धूळ, मीठ, वायरमधली घट आणि आडवं ठेवलेलं पॅनेल यांचं मिळून ३५ टक्के नुकसान धरा. म्हणजे १०० वॉटच्या पॅनेलमधून दिवसाला ३२५ वॉट-तास. कागदावर आमचं काम एकाच पॅनेलमध्ये भागत होतं. तरी आम्ही दोन घेतली, कारण त्या गणितात सावली कुठेच नव्हती.

बोटीला दक्षिण दिशा नसते

घराच्या छपरावर पॅनेल दक्षिणेकडे तिरकं बसवलं की विषय संपतो. बोयाला बांधलेली बोट मात्र भरती-ओहोटीबरोबर फिरते. मुंबईत दर सहा तासांनी पाण्याचा ओढा उलटतो आणि बोटीचं तोंडही. सकाळी पॅनेल दक्षिणेला तिरकं असेल तर दुपारी ते उत्तरेकडे तोंड करून बसलेलं असतं. म्हणून बोयावर राहणाऱ्या बोटीवर पॅनेल आडवंच बरं. डिसेंबरात मुंबईत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे तेव्हा आडव्या पॅनेलला थोडा फटका बसतो. तो सहन करायचा.

खरा त्रास सावलीचा. डोलकाठी, तिला आडवा जोडलेला बूम, गुंडाळलेलं शीड, दोऱ्या, असं काही ना काही कायम आड येतं. आणि "पॅनेलच्या दहा टक्क्यांवर सावली म्हणजे दहा टक्के नुकसान" असं नसतं. १२ व्होल्टच्या नेहमीच्या पॅनेलमध्ये ३६ सेल एकामागे एक जोडलेले असतात. आग विझवायला बादल्या हातोहात देणारी माणसांची रांग डोळ्यासमोर आणा. एकाचा हात दुखला की सगळी रांग त्याच्याच वेगाने चालते. तसंच, एका सेलवर दाट सावली पडली की सगळ्या ३६ सेलचा करंट त्या एकाएवढा होतो. आम्ही पॅनेलच्या कोपऱ्यावर टॉवेल वाळत टाकला होता तेव्हा ५ अँपिअरवरून करंट एक अँपिअरच्याही खाली आला. टॉवेलने झाकलेला भाग जेमतेम दोन सेलचा.

यावर उपाय म्हणून पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात, हे बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. असतात, पण ३६ सेलच्या पॅनेलला बहुधा दोनच, प्रत्येकी १८ सेलसाठी. एका अर्ध्यावर सावली आली आणि डायोडने तो वगळला तर उरलेल्या अर्ध्याचा दाब ९ व्होल्टच्या आसपास राहतो, तापलेला असेल तर त्याहून कमी. आणि बॅटरी तर १३ व्होल्टवर बसलेली! खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत आपणहून चढत नाही. म्हणजे एकट्या १२ व्होल्टच्या पॅनेलला डायोडचा चार्जिंगसाठी जवळजवळ काहीच उपयोग नाही.

इथे दोन पॅनेल कशी जोडायची हा प्रश्न येतो. "बोटीवर सावली असते, म्हणून पॅरलल जोडा" हा सल्ला आम्हालाही सगळ्यांनी दिला. तो अर्धाच खरा आहे. एक अख्खं पॅनेल शिडाच्या सावलीत गेलं तर पॅरलल बरं: दुसरं पूर्ण चालतं आणि सावलीतलंही आकाशाच्या उजेडावर थोडं देतं. पण सावली एका कोपऱ्यावर असेल आणि पॅनेल सिरीजमध्ये असतील, तर डायोड तो अर्धा भाग वगळतो, उरलेले तीन अर्धे मिळून २३ ते २७ व्होल्ट देतात आणि एमपीपीटी कंट्रोलर त्यातून आरामात चार्जिंग करतो. म्हणजे चारातले तीन भाग कामी येतात. पॅरललमध्ये तेच पॅनेल जवळजवळ पूर्ण गेलं असतं. आमच्या बोटीवर मागच्या कमानीवर शेजारी-शेजारी दोन पॅनेल आहेत आणि बूमचं टोक त्यांच्यावर पट्ट्यासारखी सावली टाकतं, म्हणून आम्ही सिरीज निवडलं. तुमची पॅनेल डाव्या-उजव्या कठड्यांवर असतील तर पॅरलल, किंवा दोघांना वेगळे कंट्रोलर. तुमच्या बोटीवर सावली कशी पडते ते एक पूर्ण दिवस बसून बघा, मगच वायर कापा.

सगळ्याच तारांना घाबरायचं कारण नाही. डोलकाठीला ताणणारी ५ मिमीची तार पॅनेलपासून अर्ध्या मीटरहून लांब असेल तर तिची गडद सावली पडतच नाही, सूर्याच्या थाळीपुढे ती बारीक ठरते आणि नुसता धूसर पट्टा दिसतो. पॅनेलला टेकलेली दोरी त्याहून कितीतरी वाईट. आणि हिवाळ्यात बंदरात येणारे सीगल! त्यांनी पॅनेलवर जे सोडलेलं असतं ते सेलच्या दृष्टीने कायमची सावली. बोटीवर गेल्यावर आमचं पहिलं काम एक बादली पाणी आणि फडकं.

पीडब्ल्यूएम की एमपीपीटी?

पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये कंट्रोलर लागतोच. स्वस्तातला पीडब्ल्यूएम पॅनेलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो. महाग एमपीपीटी पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि जास्तीचा दाब करंटमध्ये बदलतो. जाहिरातीत "३० टक्के जास्त वीज" लिहिलेलं असतं. आपल्या हवेत तसं होतं का ते बघू.

१०० वॉटचं पॅनेल २५ अंशांना १८ व्होल्ट आणि ५.५ अँपिअर देतं. उन्हात तापून सेल ६५ अंशांवर गेले की हे १८ व्होल्ट घसरून १५ च्या आसपास येतात. बॅटरी १३.५ व्होल्टवर असेल तर पीडब्ल्यूएममधून ५.५ गुणिले १३.५, म्हणजे ७४ वॉट. एमपीपीटीमधून सुमारे ८३ वॉट, त्यातली स्वतःची घट वजा जाता ८०. फरक आठ टक्के! एकच १२ व्होल्टचं पॅनेल असेल आणि बजेट कमी असेल तर चांगला पीडब्ल्यूएम घेण्यात काहीही कमीपणा नाही. पॅनेल सिरीजमध्ये जोडायची असतील तर मात्र एमपीपीटीच लागतो, कारण पीडब्ल्यूएम तो वरचा सगळा दाब वाया घालवतो. तेव्हा कंट्रोलरची कमाल व्होल्टेज मर्यादा बघा. आमची दोन पॅनेल काही न जोडता ४४ व्होल्टपर्यंत जातात, कंट्रोलर ७५ व्होल्टचा आहे.

फ्यूज कोणासाठी?

हा भाग घाईत वाचू नका. बोटीवर आग लागली तर पळायला समुद्रच असतो.

बऱ्याच जणांना वाटतं की पॅनेलमधून जास्त करंट येईल, म्हणून फ्यूज लावायचा. आमची दोन पॅनेल सिरीजमध्ये आहेत, ती शॉर्ट केली तरी ६ अँपिअरच देतात. त्याने काही जळत नाही. धोका दुसऱ्या टोकाला आहे. कंट्रोलरकडून बॅटरीकडे जाणारी वायर कुठेतरी घासून शॉर्ट झाली तर *बॅटरी* त्या वायरमध्ये शेकडो, प्रसंगी हजारो अँपिअर ओतते. वायर काही सेकंदांत लाल होते, आणि तिच्या बाजूला फायबरग्लास आणि डिझेल. म्हणून फ्यूज बॅटरीच्या बाजूला, धन टोकाच्या अगदी जवळ हवा. अमेरिकन बोट अँड यॉट काउन्सिलचा दंडक ७ इंचांचा आहे, म्हणजे सुमारे १८ सेंटीमीटर, काही अपवाद सोडून. फ्यूज कंट्रोलरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहते. आमच्या जुन्या जोडणीत तो तसाच होता, सव्वा मीटर लांब.

वायरची जाडी करंटवर आणि अंतरावर ठरते. १० अँपिअर, एका बाजूचं अंतर ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२. २.५ चौरस मिमी वायरमध्ये ०.८ व्होल्ट गळतात, ६ चौरस मिमीमध्ये ०.३५. नुसती वीज वाया जाते एवढंच नाही. कंट्रोलर आपल्या टोकाला १४.४ व्होल्ट बघतो आणि बॅटरी भरली समजतो, तेव्हा बॅटरीवर १३.६ च असतात. म्हणून कंट्रोलर बॅटरीपासून मीटरभर अंतरात हवा. पण पाणी घालायच्या बॅटरीच्या थेट डोक्यावर नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. वायर कथिलाचा मुलामा दिलेली घ्या. घरची साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी-काळी पडत जाते आणि बाहेरून काही कळत नाही. आमच्याकडे शेवटी पॅनेलपेक्षा वायर, फ्यूज-होल्डर आणि ग्लँड यांचंच बिल जास्त झालं.

जोडताना क्रम: पॅनेलवर जाड चादर टाका, आधी कंट्रोलरला बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. भर उन्हात चालू पॅनेलचा कनेक्टर उपसू नका, डीसी ठिणगी एसीसारखी लगेच विझत नाही.

दोन गोष्टी बोटीपुरत्याच आहेत. एक म्हणजे होकायंत्र. त्याच्या जवळून करंटची वायर गेली की सुई हलते. येणारी-जाणारी वायर एकमेकींना पीळ देऊन न्या आणि पॅनेल जोडताना-काढताना होकायंत्राकडे बघत राहा. दुसरी गोष्ट रेडिओ. काही एमपीपीटी कंट्रोलर व्हीएचएफमध्ये खरखर सोडतात. दुपारी, पूर्ण चार्जिंग चालू असताना, रेडिओचा स्क्वेल्च उघडून ऐका आणि मग पॅनेल झाकून पुन्हा ऐका. संकटात चॅनेल १६ वर कोणी तुम्हाला उत्तर देत असेल तर ते ऐकू यायला हवं.

बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा

लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत पटकन भरते, पण उरलेल्या २० टक्क्यांना अनेक तास घेते. बंदरातून बाहेर पडताना तासभर इंजिन चालवून ती कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता कमी होत जाते. आमच्या आधीच्या दोन बॅटऱ्या अशाच गेल्या. दिवसभर हळूहळू करंट देणारं सोलर नेमकं हेच काम करतं. तीन तास काही न चालवता ठेवलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

लिथियम (एलएफपी) हलकी असते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण ती इंजिनच्या अल्टरनेटरकडून इतका करंट ओढते की तो तापून जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर घालावा लागतो. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

नवी जोडणी होऊन एक हंगाम झाला. पंपाचा पाइप बदलून छोटा केला, त्यामुळे परत येणारं पाणी कमी झालं. बॅटरीला शंट मॉनिटर लावला आहे. तो आता बोट सोडतानाचा आणि परत आल्यावरचा आकडा दाखवतो. मार्चमध्ये चार आठवड्यांनी गेलो तर बॅटरी १०० टक्के, पंप किती वेळा चालला कोण जाणे, आणि फळ्या कोरड्या. पॅनेलच्या चौकटीला मात्र एका बोल्टपाशी पांढरी पूड दिसायला लागली आहे. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बाकी बोल्टना नायलॉनचे वॉशर घातले होते, तेवढ्या एकाला राहिलं. मे अखेरीस बोट पावसाळ्यासाठी वर काढली की तो बदलायचा आहे.